नुसती निळी फुली

चुरणा आटोपला, धान ढोलीत पडलं, अंगणातल्या तणसाच्या ढिगावर दुपारचं ऊन ऊब धरून बसलं, की समजायचं, वर्ष सरत आलं. आणि मग डिसेंबरच्या एखाद्या शनिवारी बाबा साकोलीहून परतताना सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधून नवं कालनिर्णय आणत. गुंडाळी उलगडताना ताज्या शाईचा, किंचित रॉकेलसारखा वास यायचा, कागद पुन्हा पुन्हा स्वतःभोवती वळायचा, आणि तो सरळ व्हावा म्हणून आई त्याच्या चार कोपऱ्यांवर पायली, अडकित्ता, पितळी तांब्या आणि देवघरातली घंटी ठेवायची. रात्री जेवणं झाली की चाळीसच्या बल्बखाली बाबा त्या कागदापुढं मांडी घालून बसत आणि खिशातून शाळेची लाल-निळी पेन्सिल काढत.

ती पेन्सिल आता कुठं दिसत नाही. एक टोक लाल, दुसरं निळं, मधे दोन रंगांची वेस. मास्तर लोकांना वह्या तपासायला मिळायची. बाबा तिची दोन्ही टोकं दाढीच्या जुन्या ब्लेडनं तासत, तेव्हा लाकडाची पातळ चक्रं मांडीवर पडत आणि त्यांना देवदाराचा असेल असा मी समजून घेतलेला एक गोड, कोरडा वास असे. मी ती चक्रं गोळा करून पुस्तकात ठेवायचो. बाबांच्या डाव्या हाताला एक घडी पडलेलं, सायक्लोस्टाईल केलेलं पान असे. नागपूरच्या इतवारीतल्या ज्या दलालामार्फत आमचे शेअर विकले जात, ते दरवर्षी नवीन सालाच्या सुट्ट्यांची यादी पोस्टानं पाठवत. अक्षरं फुटलेली, कुठं कुठं शाई फासलेली, पण बाबा ते पान प्रश्नपत्रिकेसारखं जपून हाताळत. त्याच्याकडं बघत बघत महिन्याचं एक अशी बारा पानं उलटायची आणि चौकोनांत फुल्या मारायच्या.

लाल फुली म्हणजे मुंबईचा शेअर बाजार बंद. निळी फुली म्हणजे मुंबईच्या बँका बंद. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, नाताळ अशा तारखांवर दोन्ही फुल्या एकमेकींवर चढत आणि चौकोन जांभळट होऊन जाई. पण वर्षात दोन-चार चौकोन असे राहत, की ज्यांवर नुसती निळी फुली. त्या दिवशी बाजार उघडा, भाव वरखाली होणार, सौदे होणार, पण पैसा जागचा हलणार नाही आणि कागद या हातातून त्या हातात जाणार नाही. त्या चौकोनावर बाबा पेन्सिल जरा दाबून फिरवत. पानाच्या मागच्या बाजूला, तिथं छापलेल्या एखाद्या पाककृतीवर, तिचा वळ उठायचा.

"याच्यावर ध्यान ठेवाचं," म्हणत. कुणाला, ते कळायचं नाही. आई धान्य निवडत असायची आणि मी अर्धा झोपेत असायचो.

सौंदड म्हणजे नागपूर-रायपूर महामार्ग आणि गोंदियाहून चांदा फोर्टकडं जाणारी रेल्वे जिथं भेटतात ते गाव. माझ्या लहानपणी ती रेल्वे छोट्या रुळांची होती. डबे इतके अरुंद की समोरासमोर बसलेल्या माणसांचे गुडघे लागायचे, आणि चढावर गाडी इतकी सावकाश व्हायची की वडीलधारी माणसं तेवढ्यात मोहाच्या झाडाखाली काय सांडलंय ते बघून घेत. नव्वदच्या दशकात रूळ रुंद झाले आणि ती गाडी गेली. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, आणि बाबांनी एका रविवारी बसून सगळ्या कंपन्यांना कार्डं लिहिली, की यापुढं माझ्या पत्त्यात 'जि. भंडारा' ऐवजी 'जि. गोंदिया' असं लिहावं. तरी कितीतरी वर्षं लाभांशाची वॉरंटं भंडाऱ्याच्याच नावानं येत राहिली. पोस्टमन ती देताना हसायचा. बाबा मात्र प्रत्येक पाकिटावरचा जुना जिल्हा निळ्या पेन्सिलीनं हळूच खोडून वर नवा लिहीत आणि मगच पाकीट फोडत.

धानाच्या गावात शेअर कुठून आले, असं कुणीही विचारेल. ते आले १९८६ साली, युनिट ट्रस्टच्या मास्टरशेअरच्या फॉर्मवर बसून. बाबांच्या शाळेतल्या एका गुरुजींचा भाऊ नागपुरात होता, त्यानं दोन फॉर्म जास्तीचे पाठवले, आणि पगारातून शिल्लक पडलेले थोडे पैसे बाबांनी त्यात घातले. मग एखाद-दुसऱ्या कंपनीचा पब्लिक इश्यू, त्यात कधी लागले, बहुतेकदा नाही लागले. फार मोठं काही नव्हतं. एक पत्र्याची ट्रंक, तिच्यात डांबरगोळ्यांच्या वासात, धोतराच्या जुन्या पानात गुंडाळलेली जाड कागदाची प्रमाणपत्रं, नक्षीच्या किनारीची, हात लावला की नव्या नोटेसारखी कडक. पण त्या ट्रंकेवर आमच्या चार एकर धानाची रोवणी उभी राहायची. पगार महिन्याच्या महिन्याला यायचा आणि दुकानदारात जिरायचा. धानाचे पैसे यायचे ते हिवाळ्यात. रोवणीच्या बायांची मजुरी मात्र जुलै-ऑगस्टात, ऐन पावसात लागायची, आणि ती उधार ठेवणं बाबांना कधी जमलं नाही. ज्या बाया दिवसभर चिखलात कमरेतून वाकून पऱ्हे लावतात, पाठीवर इरलं, पायाची बोटं पाण्यानं पांढरी पडलेली, त्यांचा पैसा आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी हातावर पडलाच पाहिजे, हा त्यांचा नेम. त्यासाठी ते दरवर्षी थोडे शेअर विकत.

आणि विकणं म्हणजे आजच्यासारखं बोट लावणं नव्हतं. ट्रान्सफरच्या फॉर्मवर सही करायची, ती कंपनीकडं असलेल्या सहीशी तंतोतंत जुळली पाहिजे, म्हणून बाबा आधी रद्दी कागदावर पाच-सहा सह्या करून हात सोडवून घेत. मग प्रमाणपत्र आणि फॉर्म जाड पाकिटात, पाकिटाला भाताची खळ, वर लाखेचा ठिपका, आणि सौंदडच्या पोस्टातून रजिस्टर्ड. लाख जळताना येणारा तो उग्र, गोडसर धूर पोस्टाच्या खोलीत दुपारभर राहायचा. पाकीट नागपूरला, नागपूरहून मुंबईला. तिथं पंधरवड्याचं वलण. म्हणजे चौदा दिवसांत झालेले सौदे एकत्र धरायचे, कुणी कुणाला किती द्यायचं ते ठरवायचं, आणि मग एका दिवशी पैसे आणि दुसऱ्या दिवशी कागद असा हिशेब मिटवायचा. मिटवायच्या दिवशी सुट्टी आली तर वलण पुढं सरकलं. मग दलालाचा चेक, पुन्हा पोस्ट, आणि साकोलीच्या बँकेत तो बाहेरगावचा चेक म्हणून वसुलीला नागपूरला परत. वटणावळ कापून पैसे खात्यात पडेपर्यंत एक पौर्णिमा तरी उलटून जायची.

म्हणून बाबा मागून मोजत. पऱ्हे टाकले की रोवणीला किती दिवस, हे शेतकऱ्याला ठाऊक असतं. त्या दिवसापासून बोटं मागं मागं यायची. बँकेचे इतके, पोस्टाचे इतके, वलणाचे इतके, मधे मोहरम किंवा ईद आली तर एक, शनिवार अर्धा, रविवार पूर्ण. ही गणती ते मोठ्यानं करत, पाढ्यांच्या चालीवर, आणि ती चाल माझ्या कानात अशी बसली आहे की आजही दिवस मोजायचे झाले तर मी मागूनच मोजतो.

एक गोष्ट मला त्या वयात समजत नसे. एवढ्या फुल्या मारायचे, पण पोळ्यावर कधीच नाही. पोळ्याला आमचं गाव सगळं बंद. बैलांच्या शिंगांना बेगड, अंगावर झूल, खांद्याला हळद आणि तूप, तोरणाखाली जोड्यांची गर्दी, त्यांच्या घुंगुरमाळांचा आवाज आणि मधेच कुणी खड्या आवाजात म्हटलेली झडती. दुसऱ्या दिवशी लाकडी बैल ओढत आम्हा पोरांचा तान्हा पोळा. मंडईच्या दिवशीही तसंच. भाऊबीज झाली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, दिवसा दंडार आणि रात्रभर नाटक, पाहुण्यांनी घर भरलेलं, तळणाचा वास शेजारच्या आळीपर्यंत. त्या दिवशी मुंबईत पूर्ण वेळ सौदे होत असणार, हे बाबांना ठाऊक असे. मी विचारलं होतं एकदा, की पोळ्याला कोणती फुली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "आपल्या सणाची निशाणी भिंतीवर कशाला लागते रे?"

पुढं कळलं, की त्यांना दोन पंचांगं सांभाळायची होती. एक भिंतीवरचं, मुंबईचं. एक आतलं, धानाचं. पहिल्यातली चूक दुसऱ्यातल्या माणसांना भोवू नये, एवढ्यासाठी ती पेन्सिल होती.

मी बी.कॉम. होऊन नागपुरात त्याच धंद्यातल्या एका कचेरीत चिकटलो, तोवर ट्रंकेतले कागद डीमॅट झाले होते. १९९४ साली राष्ट्रीय शेअर बाजार पडद्यावर सुरू झाला, पुढच्या वर्षी मुंबईच्या बाजारातही संगणक आले, १९९६ ला डिपॉझिटरीचा कायदा. बाबांनी आपली प्रमाणपत्रं पाठवायच्या आधी प्रत्येकावर हात फिरवला होता. मला वाटलं, आता सगळं सोपं झालं. कचेरीत एसी होता, त्याचा गार, धुळकट वास होता, पडद्यावर हिरवे-तांबडे आकडे लुकलुकत होते, आणि चोवीस-पंचवीस वर्षांच्या मला आपण पैशाच्या अगदी उगमापाशी बसलो आहोत असं वाटायचं. सौंदडला गेलो की मी बाबांना नवे शब्द सांगायचो. पे-इन, पे-आउट, ऑक्शन, रोलिंग सेटलमेंट. ते शांतपणे ऐकून घेत आणि वहीत देवनागरीत लिहून ठेवत.

२००२ च्या एप्रिलमधलं ताईचं लग्न ठरलं. सोन्यासाठी काही शेअर विकायचे होते आणि ते काम बाबांनी माझ्यावर सोपवलं. गोंदियाच्या सराफाला त्यांनी ५ एप्रिल, शुक्रवार सकाळ, असा शब्द दिला होता. तेव्हा सौदा झाल्यापासून पाचव्या कामाच्या दिवशी हिशेब मिटायचा. मी गुरुवारी, २१ मार्चला विकले आणि टेलिफोनच्या शेजारी पडलेल्या कागदावर मोजले. शुक्रवार बावीस, एक. सोमवार पंचवीसला मोहरम, बाजार बंद. मंगळवार सव्वीस, दोन. बुधवार, तीन. गुरुवार अठ्ठावीस, चार. शुक्रवार एकोणतीसला गुड फ्रायडे, आणि त्या वर्षी धुळवडही नेमकी त्याच दिवशी. शनिवार, रविवार. सोमवार, १ एप्रिल, पाच. सोमवारी पैसे येणार, संध्याकाळी कचेरीतून चेक घेणार, मंगळवारी माझ्या नागपूरच्या खात्यात टाकणार, गुरुवारपर्यंत वटणार, गुरुवारी रात्री मी घरी. मी एसटीडीवरून बाबांना तसं कळवलं. ते म्हणाले, "बरं." मग थोडं थांबून, "पाहिलंस ना नीट?" मी म्हटलं, पाहिलं.

१ एप्रिलला बाजार उघडा होता. त्याच दिवसापासून हिशेब पाचाऐवजी तिसऱ्या दिवशी मिटवायची नवी पद्धत सुरू झाली होती, म्हणून आमच्या कचेरीत सकाळपासून धांदल, जुन्या आणि नव्या सौद्यांच्या याद्यांचे दोन गठ्ठे, प्रिंटरची करकर, चहाचे ग्लास. आणि बँका मात्र वार्षिक हिशेबासाठी बंद. दुपारी बारा वाजता शेजारच्या टेबलावरच्या पोऱ्यानं सहज विचारलं, की आज पे-आउट कसं होणार, तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. आमच्या घरच्या भिंतीवर एप्रिलच्या पहिल्याच चौकोनात असणारी फुली मला डोळ्यांपुढं दिसली. नुसती निळी.

पैसे मंगळवारी आले. चेक मी बुधवारी भरला. शुक्रवारी तो खात्यात पडला तेव्हा रोख देण्याची वेळ संपून गेली होती. शनिवारी अर्धा दिवस बँक, तिच्या दारात मी दहाच्या आधी उभा, नोटा शर्टाच्या आतल्या खिशात शिवून घेतल्यासारख्या धरून दुपारची एसटी पकडली. मुंबईतला एक दिवस सौंदडला येईपर्यंत दोन दिवसांचा झाला होता. भंडारा, लाखनी, साकोली, खिडकीतून उन्हाळ्याची पहिली कोरडी झळ आत येत होती, पळस गळून गेलेला, आणि मी वाटभर बाबांना काय सांगायचं ते जुळवत होतो.

घरात शिरलो आणि आधी वास आला. ढोलीच्या तळाचा वास. शेणामातीनं सारवलेला बांबूचा ढोला पूर्ण रिकामा झाला की आतून एक थंड, कोंढ्याचा, उंदरांचा, जुन्या पावसाचा असा मिळून वास येतो, जो आमच्या घरी पावसाळ्याच्या तोंडालाच यायचा. एप्रिलमध्ये तो यायचं कारण नव्हतं. आई ओसरीवर सूप घेऊन बसली होती आणि तिच्यापुढं एवढासा ढीग होता. गुरुवारी रात्रीपर्यंत मी आलो नाही, तेव्हा शुक्रवारी पहाटे बाबांनी घरच्या खाण्याचं राखलेलं धान बंडीत घालून काढलं होतं आणि आलेले पैसे घेऊन दहाच्या आत सराफाच्या पायरीवर जाऊन उभे राहिले होते. शब्द पाळला होता. दागिने देवापुढं लाल कागदात होते.

बाबा विहिरीवरून पाय धुऊन आले. मी खिशातून नोटा काढून पुढं धरल्या. त्यांनी मोजल्या नाहीत. कालनिर्णयाकडं नुसतं बघितलं आणि म्हणाले, "बँकेचं वर्ष बदलते ना रे त्या दिवशी." आवाजात राग नव्हता, शाळेत पोराचा हातचा राहून गेला की ते जसं सांगत तसंच ते सांगणं होतं. मग आतून ती लाल-निळी पेन्सिल आणली, बोटभर उरलेली, आणि माझ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात घातली. त्या पावसाळ्यात आम्ही तांदूळ विकत आणून खाल्ला. आईनं ते कधी बोलून दाखवलं नाही, फक्त शिजताना त्याला आपल्या धानाचा वास येत नाही, हे ती झाकण काढताना एकदा म्हणाली.

पुढच्या १ एप्रिलला, २००३ साली, तीनाचे दोन दिवस झाले. यादी येण्याआधीच मी निळी फुली मारून ठेवली होती.

त्या वर्षांतली माझी सगळ्यात आवडती फुली मात्र दिवाळीतली. मुंबईच्या शेअर बाजारात लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तासाभराचा मुहूर्ताचा बाजार भरायचा, १९५७ पासूनची ती रीत आहे. कागदाच्या जमान्यात बाबांना तो नुसता वाचायला मिळायचा, कारण शेअर घ्यायचे तर पन्नासच्या नाहीतर शंभरच्या गठ्ठ्यानं. डीमॅट झाल्यावर एक शेअरही घेता येऊ लागला, आणि बाबांनी दरवर्षी मुहूर्ताला एक शेअर घ्यायचा नेम धरला. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घरी पणत्यांत तेल पडायच्या वेळी ते धुतलेलं धोतर नेसून महामार्गावरच्या एसटीडीत जात. इकडं नागपुरात आमच्या कचेरीत झेंडूची माळ, पेढ्यांचा पुडा, नव्या वह्यांवर स्वस्तिक, आणि त्या गलक्यात मला त्यांचा फोन. दोन्ही टोकांना फटाके. मधे ट्रकचा लांबलचक हॉर्न. त्यातून त्यांचा आवाज, ओरडून ओरडून:

"एकच घे! एक!"

"कोणता, बाबा?"

"कोणताही घे. वहीचं पहिलं पान कोरं नको."

मी भाव सांगायचो, ते तो उच्चारत लिहून घ्यायचे, आकडा आणि अक्षरी, जसा मनिऑर्डरीवर लिहितात. मग म्हणायचे, "निघतोस ना?" कारण बलिप्रतिपदेला बाजार बंद. मला वर्षात जी थोडी मोकळीक मिळे, तीत ही सुट्टी पक्की होती, आणि मिळेल त्या एसटीनं, कधी ट्रकच्या केबिनमध्ये डिझेल आणि उदबत्तीच्या वासात अवघडून, मी पहाटेपर्यंत सौंदडला पोचायचो. आणि तेवढा एक दिवस असा होता, की ज्या दिवशी मुंबईचा बाजारही बंद आणि आमचं गावही बंद. पाडव्याला आमच्याकडं गायगोधन. गाईंच्या शिंगांना गेरू, गळ्यात झेंडूच्या माळा, अंगणात शेणाचा गोवर्धन, त्याच्यावरून गुरं न्यायची, आणि ढोल-बासरीच्या नादात गोवारी बांधव आपली ढाल नाचवत दारोदार येतात. खुरांनी उडालेली धूळ, ताजं शेण, ऊद, तळलेल्या वड्यांचं तेल, या सगळ्यांचा मिळून जो वास होतो तो मला दुसऱ्या कुठल्याही दिवशी सापडलेला नाही. बाबा दारात उभे राहून सुपात धान आणि त्यावर नाणी ठेवून देत. त्यांच्या खिशात आदल्या संध्याकाळच्या भावाची चिठ्ठी असायची.

बाबा गेले त्याला अकरा वर्षं झाली. नागपूर सोडून मी परत आलो, धान करतो, जोडीला लोकांचे फॉर्म भरून देतो. दोन दिवसांचा हिशेब २०२२ च्या फेब्रुवारीपासून टप्प्याटप्प्यानं एका दिवसावर आला, २७ जानेवारी २०२३ पासून सगळ्याच शेअरांना लागू झाला. आज विकले, उद्या पैसे. एनईएफटी २०१९ च्या डिसेंबरपासून दिवसरात्र चालतं, आरटीजीएस त्याच्या पुढच्या वर्षीपासून. रोवणीच्या बायांना मी त्यांच्या खात्यात मजुरी पाठवतो, बांधीच्या धुऱ्यावर उभा राहून, आणि त्यांच्या कमरेला खोचलेल्या फोनची टिंग पावसातही ऐकू येते. हे बाबांनी बघायला हवं होतं असं मला फार वाटतं. पाकिटं, लाख, वटणावळ, यातलं काही परत यावं असं मला वाटत नाही. त्या बायांची मजुरी एका तासाने जरी लवकर पोचत असेल, तर गेलं ते बरंच गेलं. लाखेच्या धुराचा वास तेवढा कधी कधी हवासा वाटतो.

फुल्या मात्र सुटलेल्या नाहीत. माझी मुलगी पुण्यात शिकते, तिच्या नावावर आजोबांचे ते एकेक करून जमलेले मुहूर्ताचे शेअर आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीत, शुक्रवारी १६ तारखेला, तिनं त्यातले दोन-तीन खोलीच्या डिपॉझिटसाठी विकले आणि मला फोन केला, की सोमवारी पैसे येतील, सोमवारीच घरमालकाला देते. मी भिंतीकडं बघितलं. सोमवार १९, शिवजयंती. म्हटलं, "मंगळवार सांग त्यांना, बेटा."

"पण सोमवारी बाजार चालू आहे, बाबा. ॲपवर दिसतंय."

"बाजार चालू आहे. बँका बंद आहेत. सौदे होतील, हिशेब मिटणार नाही."

ती जरा वेळ गप्प होती. तिच्याकडं ढोल-ताशाचा सराव चालू असावा, त्याचा घुमारा फोनमधून येत होता. मग म्हणाली, "हे आजोबांनी लिहून ठेवलंय का कुठं?" मी तिला कालनिर्णयाच्या त्या पानाचा फोटो पाठवला. आता पेन्सिल दुसरी आहे, गोंदियातून दोन वेगवेगळ्या आणतो, लाल वेगळी, निळी वेगळी. जुनी ट्रंकेत आहे. तिला दोन्ही टोकं नाहीत आता, मधली रंगांची वेस तेवढी शिल्लक आहे. मंगळवारी रात्री मुलीचा निरोप आला, "आले."

सुट्ट्याही आता पूर्वीसारख्या बसून राहत नाहीत. त्याच वर्षी जानेवारीत बाजार सोमवारी २२ तारखेला बंद ठेवला आणि त्याआधीच्या शनिवारी पूर्ण दिवस भरवला. ऐन वेळी छापील याद्या सगळ्यांच्या चुकीच्या ठरल्या. आणि २०२५ च्या दिवाळीत मुहूर्त संध्याकाळचा दुपारवर आला. लक्ष्मीपूजन २० ऑक्टोबरला की २१ ला, यावर घरोघर चर्चा, बाजारानं २१ धरली आणि वेळ दिली दुपारी पावणेदोन ते पावणेतीन. वाचल्यावर मला आधी चुकल्यासारखं झालं. पणत्या लागायच्या वेळचा तो तास, एसटीडीतला तो आवाज, सगळं दुपारच्या उन्हात कसं मांडायचं?

पण त्या दुपारी मी बांधीत होतो. हलकं धान कापणीला आलं होतं, कापलेल्या कडपा ओळीनं उन्हात पडलेल्या, त्यांना तो ओला, गवताळ, किंचित दुधासारखा वास. विळा धुऱ्यावर टोचला, हात पंच्याला पुसले, आणि फोन सावलीत धरून एक शेअर घेतला. कोणता ते महत्त्वाचं नाही. भाव वहीत लिहायचा म्हणून तोंडानं म्हणत होतो, आकडा आणि मग अक्षरी, तर पलीकडच्या बांधीतून शेजारी मान वर करून म्हणाले, "का जी, आज बी बजार चालू हाये का तुमचा?"

"एक तास."

"अन् उद्या?"

"उद्या बंद."

"उद्या तं आपलाबी बंद," ते म्हणाले, आणि गोठ्याच्या दिशेनं बघून हसले. "चला मंग, एवढी कडप उचलून टाकू. गाई धुवायच्या हायेत."